इंग्रजीची बारा वर्षं, आणि वर बावीस लाख

मागच्या रविवारी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पोराला इंग्लंडला पाठवायचं चाललंय. एजंटकडं जायचंय, तुम्ही बरोबर चला. तुम्हाला इंग्रजी कळतंय, आम्हाला ते सांगतील तेवढंच." मी २८ वर्षं ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

सांगलीतलं एसी ऑफिस. भिंतीवर झेंडे, हसऱ्या पोरापोरींचे फोटो. मुलगा महाराष्ट्र बोर्डाचा, बारावी कॉमर्स, ६८ टक्के. समोरची मॅडम गोड बोलत होती. थेट पदवीला प्रवेश मिळणार नाही, पण काळजी करू नका, आधी एक वर्षाचा फाउंडेशन कोर्स, मग पदवीची तीन वर्षं. फाउंडेशनची फी १९,५०० पौंड. मोबाईलवर हिशेब केला तर बावीस लाखांच्या पुढे. राहणं-खाणं वेगळं. त्यासाठी व्हिसाच्या वेळी बँकेत वेगळे पैसे दाखवायचे, लंडनच्या बाहेर असाल तर महिन्याला हजार पौंडांच्या वर, असे नऊ महिन्यांचे. आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो आणखी वेगळा. बापाकडं दीड एकर ऊस आहे. त्याचं काय करायचं हे घरात ठरलेलं दिसत होतं, कारण तो आकडे ऐकून दचकला नाही. दचकलो मी.

"पार्टटाइम काम करून निघतं सगळं, आठवड्याला वीस तास," मॅडम म्हणाली. मी म्हणलं, वीस तास पदवीच्या विद्यार्थ्यांना. पदवीच्या खालच्या कोर्सला दहा, आणि तेही सगळ्याच संस्थांत नाही. ती म्हणाली, "सर, मॅनेज होतं ते." काय मॅनेज होतं? व्हिसाचा नियम मोडला तर पोरगं परत येतं, पैसे येत नाहीत.

मग मी नियमांचा कागद मागितला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: पदवीला पुढं जायचं तर सरासरी ६० टक्के, आणि इंग्रजीच्या भागात वेगळे ६०. नापास झाला तर फी परत नाही. बापाला मराठीत सांगितलं तेव्हा तो पोराकडं बघायला लागला आणि पोरगं झेंड्यांकडं.

आता पोस्टचा मुद्दा. एजंटला शिव्या घालणं सोपं आहे आणि ते मी चहा पिताना भरपूर करून घेतलं. त्याला पहिल्या वर्षाच्या फीवर कमिशन मिळतं, तो विकणारच. पण ही बाजारपेठ कुणाच्या जिवावर उभी आहे? इंग्लंडमध्ये शाळा तेरा वर्षांची, आपली बारा, म्हणून एक वर्ष भरून काढायचं असं कारण दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. चांगले गुण असतील तर सीबीएसई आणि आयएससीच्या पोरांना याच बारा वर्षांवर तिथली कितीतरी विद्यापीठं थेट पदवीला घेतात. राज्य मंडळांची ओळ मात्र बऱ्याच ठिकाणी वेगळी असते: जास्त टक्के आणा, नाहीतर फाउंडेशन करा. म्हणजे हा खर्च बरोबर कुणाच्या वाट्याला येतो बघा. पुण्या-मुंबईतल्या महागड्या शाळेचं पोर सुटतं आणि वाळवा तालुक्यातलं पोर दीड एकर विकतं.

तिकडचे लोक काय साधू नाहीत. हे कोर्स अनेक विद्यापीठांच्या नावानं चालतात, पण चालवतात खासगी कंपन्या. जानेवारी २०२४ मध्ये 'संडे टाइम्स'नं छुप्या कॅमेऱ्यानं दाखवलं होतं की नामांकित विद्यापीठांत परदेशी पोरांना या वाटेनं कमी गुणांवर आत घेतात. विद्यापीठांनी तुलनाच चुकीची आहे म्हणून सांगितलं. असेल. पण दुसरी गोष्ट तर त्यांच्या सरकारचीच आहे: २०२५-२६ पासून इंग्लंडमधल्या स्वतःच्या विद्यार्थ्यांना वाणिज्य, समाजशास्त्र अशा वर्गात बसून शिकायच्या विषयांच्या फाउंडेशन वर्षासाठी ५,७६० पौंडांच्या वर फी लावता येत नाही. या वर्षाला एवढाच खर्च यावा असं त्यांना वाटतं. आपल्या पोराला ही मर्यादा नाही. त्याच्याकडून १९,५०० घ्या.

आणि इंग्रजीच्या परीक्षेचं बघा. भारतातला ब्रिटिश कौन्सिलचा आयईएलटीएसचा धंदा २०२१ मध्ये आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीनं १३ कोटी पौंडांना विकत घेतला. ही कंपनी विद्यार्थ्यांना परदेशी प्रवेश मिळवून द्यायचंही काम करते. परीक्षा घेणार तीच, गिऱ्हाईक धाडणार तीच. बेकायदा नाही काही. मला आपलं गमतीचं वाटतं.

पण माझा खरा राग आपल्यावर आहे. २००० साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. हेतू चांगलाच होता, बहुजनांच्या पोरांनी मागं पडू नये. हे पोरगं त्यानंतरचं. पहिली ते बारावी बारा वर्षं इंग्रजी शिकलं, आणि आता तेच शिकायला बावीस लाख.

त्या फाउंडेशनच्या वर्षात शिकवतात काय? मी विषयांची यादी वाचली. निबंधात आपलं म्हणणं मांडायचं कसं, दुसऱ्याचं म्हणणं घेतलं तर त्याचं नाव कसं द्यायचं, वाचलेल्याचा सारांश आपल्या शब्दात कसा लिहायचा, चर्चेत विरोधी मत कसं सांगायचं. वाचताना मला घाम फुटला, कारण यातलं जवळपास सगळं बारावीच्या 'युवकभारती'त आहे! सारांशलेखन आहे, टिपणं काढणं आहे, गटचर्चा आहे. अहो, परदेशी विद्यापीठाला पाठवतात ते 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' सुद्धा आहे, चार मार्कांना.

आणि ते मी कसं शिकवलं? फळ्यावर एक तयार 'स्टेटमेंट ऑफ पर्पज' लिहून दिलं. १२० पोरांनी ते वहीत उतरवलं. १२० जणांची लहानपणापासूनची आवड एक, स्वप्न एक, आजोबासुद्धा एकच. बोर्डाच्या पेपरात तेच उतरलं, चारपैकी तीन मार्क. कवितेच्या रसग्रहणाचाही साचा दिला होता, कवीचं नाव बदललं की कुठल्याही कवितेला बसायचा. तपासणारेही आमच्यातलेच, त्यांना मुद्दे दिसले की मार्क पडायचे. निकाल शंभर टक्के लागायचा आणि माझा सत्कार व्हायचा. हे पोरगं माझ्या हाताखालचं नाही, पण माझ्यासारख्याच कुणाच्या तरी हाताखालून गेलंय.

याला कुणी म्हणेल, सर, खेड्यातल्या पोरांचं इंग्रजीच कच्चं, ती काय स्वतःचं लिहिणार? मग मराठीत लिहून घेतलं होतं का? 'माझ्या गावात दारूबंदी असावी की नसावी' यावर मराठीत दोन पानं स्वतःच्या डोक्यानं लिहिलेला विद्यार्थी मला २८ वर्षांत मोजकाच भेटला. मराठीचे निबंधही गाइडातलेच. ज्याला एका भाषेत वाद घालता येतो त्याला दुसऱ्या भाषेत शब्द पुरवता येतात. आम्ही दोन्हीकडं शब्द पुरवले आणि वाद घालणाऱ्याला वर्गाबाहेर काढलं.

फाउंडेशन सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. ते वर्ष मनापासून करून पुढं नीट शिकलेली पोरं आहेत, वर्षभरात त्यांची भीड चेपते, ग्रंथालयात काय करायचं ते कळतं. जर्मनीतही असं वर्ष असतं, श्टुडिएनकोलेग म्हणतात. तिथं भाषा जर्मन, शेवटी परीक्षा कडक, पण सरकारी असेल तर शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नसते, सेमिस्टरचं शुल्क भरायचं. म्हणजे परक्या पोराला तयार करण्याचं काम फुकटातही करता येतं. मग आपल्या पोराला तयार करायचं काम आपल्या विद्यापीठांनी का करू नये? बारावीनंतरच्या सुट्टीत तीन महिने, जिल्ह्यातल्या एका कॉलेजात, रोज दोन तास. वाचा, वाद घाला, लिहा, लिहिलेलं परत घ्या आणि पुन्हा लिहा. निवृत्त मास्तर ढिगानं पडलेत, मी एक आहेच. परदेशी जाणाऱ्याला उपयोग होईल आणि इस्लामपुरातच बी.कॉम. करणाऱ्यालाही होईल.

सरकारी परदेशी शिष्यवृत्तीचं नाव कुणी काढायच्या आत सांगतो. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे. फाउंडेशनच्या पोराला तिथं दार नाही. म्हणूनच त्या बापाला मी दुसरी वाट सांगितली: इथं पदवी करू दे, फी हजारांत आहे, मग मास्टर्सला शिष्यवृत्तीसाठी खटपट करू. तो म्हणाला, "सर, तवर व्हिसा बंद झाला तर?" त्याची भीती खोटी नाही. पदवीनंतर तिथं थांबायची मुदत १ जानेवारी २०२७ पासून दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येतीय. मॅडमनं हे सांगितलं नव्हतं, पोरानं स्वतः शोधलं होतं. तेवढ्यावरून मला पोरगं आवडलं.

डिपॉझिट भरायची तारीख या महिन्याची ३० आहे. मी पोराला म्हणलं, तुला का जायचंय ते दोन पानं लिहून आण, मराठीत लिही, इंग्रजीत लिही, पण फळ्यावरचं नको. परवा घेऊन आला. पहिली ओळ अशी होती की माझ्या वडिलांनी ऊस विकून भरलेल्या पैशावर मी नापास झालो तर काय, हे मला कुणीच विचारलं नाही. पुढची दोन पानं खाडाखोडीनं भरलेली. आता तो आणि मी ती दुरुस्त करत बसलोय.

तुमच्या ओळखीचं कुणी असा कागद सही करायच्या बेतात असेल तर नापास झाल्यावर काय, हे कलम आधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर फोटो काढून मला पाठवा. मराठीत सांगतो, फी नाही.