मुले विसरत नाहीत

मा. संपादक,


‘लहानपणीचा धक्का मूल आपोआप विसरते’ हे आपल्या अंकातील लेखाचे मत पटणारे नाही. मूल बोलत नाही, म्हणजे ते विसरले असे नव्हे. भूकंपातून वाचलेले मूल रस्त्यावरून ट्रक गेला, डोक्यावरचा पत्रा थरथरला, की दाराकडे पळते. तो हट्ट नसतो. ताण दीर्घकाळ टिकला की झोप, लक्ष आणि स्मरण तिन्ही बिघडतात. आलेले पाढे चुकतात, अंथरूण पुन्हा ओले होऊ लागते. ‘पूर्वीची पोरे सोसूनच मोठी झाली’ म्हणताना लेखक त्यांना कुशीत घेणारी आजी, काकू विसरतात. बुखारेस्टमधील अनाथालयांतल्या १३६ मुलांच्या अभ्यासात दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुले सर्वाधिक सावरली. उशिरा गेलेल्यांनाही फायदा झाला, हे महत्त्वाचे.

‘करोनाने अनाथ केलेल्यांना सरकारने पाच लाख दिले, आणखी काय हवे?’ हा लेखकाचा प्रश्न तर अर्धवट माहितीवरचा. ती मुदत ठेव आहे, मोठेपणी हाती येणारी. आजच्या रात्री दचकून उठणाऱ्या मुलाजवळ ती बसत नाही. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुले पुण्यात आणून त्यांच्या राहण्या-शिक्षणाची सोय केली, कारण नुसत्या मदतनिधीने भागणार नव्हते. आपल्या खानदेशात कर्जापायी बाप गमावलेल्या मुलांनाही रोज भेटणारे, न रागावणारे एक माणूस हवे, आणि बहुतेक गावांत ते शाळेतच सापडेल. म्हणून शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत धक्का बसलेल्या मुलांच्या विषयाला एक तास द्यावा, ही शिक्षण विभागाला विनंती.

आपला,
एक वाचक, पहूर (ता. जामनेर, जि. जळगाव)