बिल्ला नाही म्हणून उपचार अडवू नका!



1 जून 2024 पासून महाराष्ट्रात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. वाहतुकीसाठी आरोग्य दाखला मिळत नाही, कत्तलखान्यातही घेत नाहीत. बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला आणि ‘भारत पशुधन’ प्रणालीवरची नोंद सक्तीची करताना शासनाने आणखी दोन अटी घातल्या. बिल्ला नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात उपचार नाहीत. आणि नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर दगावले, तरी बिल्ल्यावाचून भरपाई नाही. या दोन अटी रद्द झाल्या पाहिजेत, एवढ्यासाठी हे पत्रक आहे.

बिल्ल्याला आमचा विरोध नाही. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगाने गोठेच्या गोठे बसवले, तेव्हा कोणत्या जनावराला लस मिळाली, कोणते कुठून आले, याची नोंद असणे किती गरजेचे आहे ते आपण सगळ्यांनी पाहिले. लाळ्या-खुरकुताच्या लसीची पुढची मात्रा कधी, हेही त्याच क्रमांकावरून कळते. चोरीला गेलेला बैल चार जिल्हे ओलांडून सापडला, तर मालकी सिद्ध करायलाही तोच कामी येतो.

पण हा बिल्ला कानात टिकतो कसा, ते गोठ्यात येऊन बघा. तो चिमट्याने टोचताना कानाच्या शिरा चुकवाव्या लागतात. घाईत कडेला टोचला की पावसाळ्यात जखम चिघळते, माशा बसतात, अळ्या पडतात आणि बिल्ला कान फाडून निघून येतो. नीट बसलेला बिल्लाही करवंदीच्या जाळीत, तारेच्या कुंपणात, गव्हाणीच्या खिळ्यात अडकून तुटतो. डोंगरात चरणाऱ्या जनावराचा बिल्ला कुठे पडला हे संध्याकाळी दावणीला बांधताना कळते. तो परत मारायला माणूस केव्हा येणार? कितीतरी दवाखान्यांत पशुधन विकास अधिकाऱ्याची जागा रिकामी आहे. एकाच अधिकाऱ्याकडे दोन-तीन दवाखान्यांचा कार्यभार असतो. बिल्ला मारायला माणूस शासनाने द्यायचा, तो वेळेवर आला नाही तर शिक्षा मात्र गाईला आणि तिच्या मालकाला, हा कुठला न्याय?

उपचार नाकारण्याची अट तर साथरोगाच्या दृष्टीनेही घातक आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याने अनुसूचित रोगाची शंका येताच खबर देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ज्या दवाखान्याचे दार बिल्ल्याअभावी बंद, तिथे खबर द्यायला कोण जाईल? तोंडाला फेस आलेली म्हैस घरी परत न्यायची, आणि तिने सगळ्या वाडीत लाळ्या पसरवायची? बिल्ला नसलेले आजारी जनावर म्हणजे सरकारी नोंदीतून सुटलेले जनावर. दवाखान्याने त्यालाच आधी हात लावला पाहिजे.

शासन म्हणेल, सक्ती नसती तर लोकांनी बिल्ले मारून घेतलेच नसते. सक्ती बाजारात आहे, तिथे ती राहू द्या. विकायचे असेल त्याला बिल्ला घ्यावाच लागतो. पण जी गाय विकायची नाही, जिच्या दुधावर घर चालते, तिचा मालक सरकारच्या दारात येतो तो ती आजारी पडल्यावरच. तिथेच तिला इंजेक्शन द्या आणि तिथेच बिल्ला मारा. एका फेरीत दोन्ही कामे होतात.

भरपाईचेही तसेच. राष्ट्रीय निकषांप्रमाणे आपत्तीत दगावलेल्या दुभत्या गाईला-म्हशीला 37,500 रुपये मिळतात. तेवढ्यात तशी गाय पुन्हा दावणीला येत नाही, आणि तेही बिल्ला पडला म्हणून नाकारायचे! पुराने गोठा वाहून गेला, तर मेलेल्या जनावराचा कान शोधायचा कुठे? जुन्नरच्या उसात बिबट्याने शेळी ओढत नेली, तर पंचनाम्याला उरतात फरपटीच्या खुणा आणि रक्त. तलाठी, वनरक्षक, शेजारी यांच्या समक्ष झालेला पंचनामा हा पुरावा या अटीआधी चालत होता. तो यापुढेही चालला पाहिजे.

म्हणून आमची मागणी आहे: उपचार विनाअट मिळावेत आणि बिल्ल्यावाचूनही पंचनाम्यावर भरपाई मिळावी. पडलेला बिल्ला सात दिवसांत गोठ्यावर येऊन फुकट मारून द्यावा. दर आठवडी बाजाराच्या फाटकाशी बिल्ला मारणारा कर्मचारी बसवावा. मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांसाठी त्यांच्या वाटेवरच्या मुक्कामांवर शिबिरे घ्यावीत. आणि बिल्ला व दाखला पाहण्यासाठी रस्त्यात जनावरांची गाडी तपासायची ती पोलिसांनी आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांनीच. इतर कुणीही गाडी अडवली, तर त्याच्यावर गुन्हा नोंदवावा.

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. ठरावाची प्रत तहसीलदार, जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि आपल्या आमदारांना पाठवा, पोच घ्या. दवाखान्यातून जनावर परत पाठवले, तर नकाराचे कारण तारखेसह लेखी मागा आणि तो कागद जपून ठेवा. तोवर ज्यांच्या जनावरांना बिल्ले नाहीत त्यांनी ते आजच मारून घ्यावेत.

— तालुक्यातील पशुपालक शेतकरी