सेवेचे कौतुक, श्रमाची उपेक्षा

आरोग्यसेवा बाळंतिणीच्या दारी गेली तर अर्भके वाचतात, हे गडचिरोलीने केव्हाच सिद्ध केले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले होते.

हाच धडा गिरवून केंद्र सरकारने २०११ साली हे काम देशभरातील 'आशां'वर सोपविले. दवाखान्यातील बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा गृहभेटी, घरी बाळंतपण झाल्यास सात. बाळाचे वजन करावयाचे, ताप पाहावयाचा, ते अंगावर पिते की नाही याची खात्री करावयाची, बाळंतिणीची प्रकृती निरखावयाची. या साऱ्याचा मोबदला ठरला २५० रुपये; आणि तोही बेचाळिसाव्या दिवसापर्यंत माता व मूल सुखरूप असतील तरच!

म्हणजे रस्ता नाही, वाहन वेळेवर मिळाले नाही आणि मूल दगावले, तर दंड कोणाला? चिखल तुडवीत पाच वेळा त्या घरी गेलेल्या बाईला. शासनाच्या उणिवांची किंमत तिने मोजावी, हा कोणता न्याय?

'स्वयंसेविका' म्हटले की वेतनाचा प्रश्नच निकालात निघतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला; २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्याच आशांना संपावर जावे लागले. त्यांना कामगार म्हणून मान्यता व नियमित वेतन मिळालेच पाहिजे. ही दयेची याचना नव्हे, केलेल्या कामाचा हक्क आहे.