पोरांना म्हणे कष्ट नकोत!

‘कामं ढीगभर पडलीत, पोरांनाच कष्ट नकोत.’ लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढून होईपर्यंत हा निकाल लागलेला असतो. निकाल देणारे बहुधा पेन्शनर.

त्यांनी एकदा पहाटे साडेचारला गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर यावं. फाटक्या बुटांनी, मोबाइलच्या उजेडात पोरं सोळाशे मीटर मारत असतात. मग शंभर मीटर, मग गोळा. 2024 च्या पोलीस भरतीत सुमारे 17 हजार जागांना 17 लाखांवर अर्ज आले. जागेमागे शंभर. कामचुकार माणूस यासाठी अंथरूण सोडेल?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 साली आपल्याकडे पदवीधर तरुणांतली बेकारी 29.1 टक्के होती; लिहिता-वाचता न येणाऱ्यांत 3.4. पेन्शनर म्हणतील, बघा, पदवीधराला खुर्ची हवी. थोडं खरं आहे. निरक्षर पोराला बसून राहणं परवडतच नाही. पण बापाने जमीन गहाण टाकून शिकवलेल्या पोराला अकरा महिन्यांच्या कंत्राटावर बसवायचं आणि वर माजोरडाही म्हणायचं?

दुसरी ओरड भीतीची: बेकार पोरं म्हणजे दंगलीची दारू. दाखला बिहारचा. जानेवारी 2022 मध्ये गयेत रेल्वेचे डबे जळाले. त्याचं समर्थन मी करत नाही. पण रेल्वेच्या ज्या भरतीवरून भडका उडाला, तिची जाहिरात 2019 ची! पुण्यात 11 मार्च 2021 ला, तीन दिवसांवर आलेली एमपीएससी पुढे ढकलली तेव्हा पोरं शास्त्री रस्त्यावर बसली. मागितलं काय, तर परीक्षेची तारीख. 21 मार्च मिळाली, आणि पोरं अभ्यासिकेत परतली. सरकारवर एवढी भिस्त पेन्शनरांची तरी असेल का?

भ्यायचंच तर या ताटकळण्याला भ्यावं. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून लग्न न जुळणाऱ्या ‘नवरदेवां’चा मोर्चा कलेक्टर कचेरीवर गेला. मागणी गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा कडक राबवण्याची होती, ती रास्तच. पण स्थळ बघताना मुलीकडचे आधी नोकरीच विचारतात, आणि तिथे बोलणं थांबतं. तिशी उलटते, भरतीचं वय निघून जातं. वाट पाहून आंबलेला पोरगा मग कुणाच्या तरी कामाला येतो.

आमच्या स्टँडवर सध्या एका ‘भाऊं’च्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. खाली शुभेच्छुकांचे चाळीसेक फोटो. तिसऱ्या ओळीत शेजारचा पोरगा दिसला, दोन वर्षं पहाटे धावणारा. फोटोत अंगावर मैदानावरचाच टी-शर्ट आहे.