युद्ध, हसू आणि नियती

येवल्यात युद्ध म्हटले की तात्या टोपे आठवतात, आणि ते साहजिकच आहे. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीला फाशी गेलेला हा सेनानी याच गावचा. आपल्या चित्रपटांनाही युद्धासाठी असाच नायक लागतो. फक्त तात्यांना मोजावी लागलेली किंमत पडद्यावर सहसा कोणी मोजत नाही. अशा वेळी, ज्याच्या हातून एकही पराक्रम घडत नाही अशा बावळट युद्धकैद्याला मध्यभागी ठेवणाऱ्या कादंबरीचा चित्रपट झाला तेव्हा काय साधले आणि काय निसटले, हे युद्धविरोधी कार्यकर्त्यांनी पाहण्यासारखे आहे.

कुर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही कादंबरी १९६९ साली, व्हिएतनाम जळत असताना प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्तांच्या विमानांनी ड्रेस्डेन शहर जाळले, तेव्हा व्हॉनेगट तेथे कैदी होता आणि कत्तलखान्याच्या तळघरात असल्यामुळे वाचला. त्याचा नायक बिली पिल्ग्रिम काळातून मागेपुढे घसरत राहतो. परग्रहावरचे प्राणी त्याला पळवून नेऊन आपल्या प्राणिसंग्रहालयात ठेवतात आणि शिकवतात की सर्व क्षण कायमचेच आहेत, त्यांत बदल संभवत नाही. कादंबरीत मृतांचा आकडा १,३५,००० दिला आहे. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांनी २०१० साली तो फार तर २५,००० ठरविला. त्यामुळे ते कृत्य सौम्य होत नाही, पण फुगवलेल्या आकड्यावर तेथील नवनाझी आपले राजकारण करीत आले आहेत, हे युद्धविरोधकांनी विसरू नये.

जॉर्ज रॉय हिलचा चित्रपट १९७२ साली आला. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि खुद्द लेखकही त्यावर प्रसन्न होता. काळाच्या उड्या पडद्यावर जमणार नाहीत असे वाटावे, तर संकलक डेडे ॲलनने त्याच सर्वांत सहज साधल्या. मात्र कादंबरीत लेखक स्वतः बोलतो, मधेच कैद्यांच्या गर्दीत दिसतो, आणि प्रत्येक मृत्यूनंतर तेच एक तीन शब्दांचे पालुपद उच्चारतो. शंभराहून अधिक वेळा आलेल्या त्या पालुपदात थट्टा किती आणि हुंदका किती, हे वाचकालाच ठरवावे लागते. चित्रपटात हा लेखक नाही.

वरवर ही तंत्राची बाब वाटेल; पण ती राजकारणाची आहे. सर्व काही आधीच ठरलेले आहे हा परग्रहवासीयांचा सिद्धांत कादंबरीत लेखकाचा दुखावलेला आवाज सतत पोखरत असतो. चित्रपटातून तो आवाज गेला आणि सिद्धांत तेवढा उरला. कादंबरी संपते ती ढिगाऱ्यातून प्रेते उपसण्यापाशी. चित्रपट संपतो तो परग्रहावर, बाळाचा जन्म, टाळ्या आणि आतषबाजी यांत.

हा सिद्धांत येवल्याला परका नाही. पूर्वकर्माचे फळ म्हणून जे वाट्याला आले ते भोगावे, हे आपल्याकडे हजारो वर्षे शिकविले गेले, आणि तेही प्रामुख्याने ज्यांना भोगावे लागत होते त्यांनाच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की जन्म आपल्या हाती नव्हता, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही. नियतीला दिलेल्या त्या नकारासमोर परग्रहावरच्या टाळ्या फारच पोकळ वाटतात. बॉम्ब टाकणाऱ्यालाही 'हे असेच घडायचे होते' एवढेच तर म्हणायचे असते.

मराठीत असे काही पडद्यावर आणायचे झाल्यास तो हरवलेला आवाज शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. लोकनाट्यातला सोंगाड्या खेळात असतो आणि खेळाबाहेर येऊन राजाचीच टर उडवतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने हे माध्यम प्रचारासाठी वापरले. निळू फुले आणि दादा कोंडके तेथूनच पुढे आले. पैशांची सबबही फारशी टिकणारी नाही. मनमाडपलीकडच्या मालेगावात शेख नासिर यांनी यंत्रमाग कामगारांना घेऊन सुपरमॅन उडवला, आणि त्याला लढायला लावले ते तंबाखूशी. उडती तबकडी पत्र्याची दिसली म्हणून या कथेचे काही बिघडणार नाही. उलट ती तशीच शोभेल.

त्या कादंबरीत जळालेल्या शहरातून एक चहाची किटली उचलली म्हणून एका प्रौढ शाळामास्तरला गोळ्या घालतात, आणि हे लेखक पहिल्याच पानापासून सांगून ठेवतो. चित्रपटाने किटलीची चिनी मातीची बाहुली केली आणि मृत्यू अकस्मात घडविला. धक्का चांगला बसतो. सोंगाड्याने मात्र गण-गौळण आटोपताच किटलीची गोष्ट सांगून टाकावी. मग मास्तर हसेल, गप्पा मारील, पोरांना धीर देईल, आणि प्रेक्षक शेवटपर्यंत त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहतील.