मेहता म्हणजे नेमके कोण?

आडनाव कानावर पडलं की समोरच्याची जात ताडायची, ही आपली जुनी खोड. गुजराती आडनावांपुढे मात्र ती बऱ्याचदा तोंडघशी पडते. मेहताच घ्या. संतकवी नरसिंह मेहता जुनागढचे नागर ब्राह्मण, फिरोजशहा मेहता पारशी आणि झवेरी बाजारात भेटणारे मेहता बहुधा जैन. हिशेब लिहिणारा तो मेहता. पेढीवरच्या कारकुनाला 'मेहताजी' म्हणायची पद्धत मुंबईकरांनाही ठाऊक आहे.

देसाई, पटेल, अमीन, मजमुदार हीसुद्धा मुळात कारभारातली पदं. आपले देसाई, पाटील, मुजुमदार त्यांचेच भाऊबंद. पद कुणाकडेही जाई, त्यामुळे आडनावही. मोरारजी देसाई अनाविल ब्राह्मण, पण गुरं पाळणाऱ्या रबाऱ्यांतही देसाई आहेत. पटेल पाटीदारांत आहेत, कोळ्यांत आहेत आणि भरूचकडच्या मुसलमानांतही. काँग्रेसचे अहमद पटेल तिकडचेच.

खरी गंमत बाजारातल्या आडनावांत. पारेख नाणी पारखायचा, चोकसी सोन्याचा कस बघायचा, नाणावटी नाणी बदलून द्यायचा. एका पैशाभोवती तीन आडनावं! व्यापाराची एवढी बारीक वाटणी आडनावांत उतरलेला दुसरा प्रांत मला तरी दिसत नाही. दोशी कापडवाले, कोठारी कोठार सांभाळणारे, गांधी वाणसामान विकणारे. पण महात्माजींचे आजोबा उत्तमचंद पोरबंदरचे दिवाण होते, वडील करमचंदही. म्हणजे दुकान कधीच सुटलं होतं, पाटी तेवढी राहिली.

पारशांनी तर इंग्रजी धंदेही आडनावात घेतले. नरी काँट्रॅक्टर आणि फारुख इंजिनिअर क्रिकेटमुळे घरोघरी पोचले. सर जमशेटजी जीजीभाई रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारामुळे 'बाटलीवाला' म्हणून ओळखले जात.

काठियावाडात काही घरांत पूर्वजाचं नावच आडनाव झालं. बॅरिस्टर जिनांचं कुटुंब तिकडच्या पानेलीचं. वडील जिनाभाई पुंजा. मुलाने विलायतेत 'भाई' गाळला आणि वडिलांचं नाव जगाच्या इतिहासात आडनाव म्हणून गेलं.

नागरांची आडनावं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हाथी, घोडा, बूच... अर्थ सांगायला नकोत. मांकड म्हणजे ढेकूण, आणि विनू मांकड त्याच आडनावाने कसोटी क्रिकेट गाजवून गेले. कुणा पणजोबाला गावाने चिडवलेलं नाव घराण्याला चिकटलं असावं, असा माझा कयास. ते बदलण्याची गरज नागरांना वाटली नाही, याचं मला कौतुक आहे.

तेव्हा शेजारच्या शहा-मेहतांचं आडनाव ऐकून अंदाज बांधत बसू नका. सरळ 'तुमचं मूळ गाव कोणतं?' असं विचारा. गुजराती माणूस स्वतः तेच आधी विचारतो, आणि त्याचं उत्तर चहा थंड होईपर्यंत चालतं.