आठ गोलांचा पराभव आणि श्कोडरच्या मुली

ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनच्या चेल्सी संघाने आल्बानियाच्या व्लाझ्निया या महिला फुटबॉल संघाचा आठ विरुद्ध शून्य असा धुव्वा उडवला. युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोचलेला व्लाझ्निया हा पहिलाच आल्बानियन संघ. चेल्सी, रेआल माद्रिद व पॅरिस सें-जर्मां यांच्या गटात त्याला एकही गुण मिळवता आला नाही. एवढ्याशा देशाच्या मुली, त्यांच्याकडून दुसरे काय होणार, असे म्हणून पान उलटणे सोपे आहे. पण हा निष्कर्ष घाईचा होईल.

व्लाझ्निया हा उत्तर आल्बानियातील श्कोडर या शहराचा संघ. शहरापलीकडच्या डोंगराळ मुलखात शतकानुशतके टोळ्यांच्या रूढींचा संग्रह, म्हणजे 'कानून', हाच कायदा होता. घरात कर्ता पुरुष उरला नाही आणि मुलीला कारभार हाती घ्यावयाचा असला, तर तिने आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन पुरुषाप्रमाणे राहावयाचे. मगच तिला पुरुषांच्या बैठकीत जागा मिळे. एडिथ डरहॅम या इंग्रज प्रवासिनीने १९०९ च्या आपल्या ग्रंथात अशा स्त्रियांची हकिकत दिली आहे. पुढे एन्व्हर होजा यांच्या साम्यवादी राजवटीने स्त्रियांना शाळेत व कारखान्यात आणले, हे त्या राजवटीच्या टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. फुटबॉल मात्र पुरुषांचाच राहिला. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाने १९४६ मध्ये पहिला सामना खेळला आणि त्याच वर्षी बाल्कन चषक जिंकला. स्त्रियांच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना २०११ मध्ये झाला. मध्ये पासष्ट वर्षे गेली!

या विलंबाची सर्वांत मोठी किंमत मधल्या फळीत खेळणारी मुलगी मोजते. आघाडीच्या खेळाडूला उपजत वेग पुष्कळदा तारून नेतो. मधल्या फळीचे तसे नाही. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून मैदान पाहून घेणे, दोन प्रतिस्पर्धी अंगावर येत असता अर्ध्या क्षणात निर्णय करणे, ही विद्या तुल्यबळ संघांशी वर्षानुवर्षे झुंजल्यावाचून अंगी मुरत नाही. आणि व्लाझ्नियाला देशात तुल्यबळ कोणीच नाही. २०१३-१४ पासून २०२२-२३ पर्यंत सलग दहा विजेतेपदे या एकाच संघाकडे गेली. हे अभिमानाने सांगितले जाते. आमच्या मते मूळ दुखणे तेच आहे.

गुणवत्तेची वाण नाही, याचा पुरावा स्वीडनमध्ये सापडतो. कोसोवारे अस्लानी ही कोसोवोतील आल्बानियन आईबापांची मुलगी १९८९ मध्ये तेथे जन्मली. तिच्या नावाचा अर्थच मुळी 'कोसोवोची स्त्री'. मधल्या फळीतून हल्ला रचणारी ही खेळाडू पॅरिस, मँचेस्टर सिटी, रेआल माद्रिद, मिलान अशा संघांकडून खेळली. स्वीडनसाठी तिने रिओ व टोकिओ या दोन ऑलिंपिकांत रौप्यपदके मिळवली. पण ती जन्मली, तेव्हा स्वीडनच्या स्त्रियांनी युरोपचे अजिंक्यपद पटकावून पाच वर्षे झाली होती. श्कोडरच्या मुलीला आईच्या पिढीचा असा वारसा कोठून मिळणार?

आल्बानियाच्या फुटबॉल संघटनेने आता तिराना, दुर्रेस, कोर्चा या शहरांत व्लाझ्नियाला खरोखर हरवू शकतील असे महिला संघ उभे करण्यास पैसा आणि प्रशिक्षक द्यावेत. त्यात श्कोडरच्या मुलींना एखादे विजेतेपद गमवावे लागेल. त्याला इलाज नाही.